मानकर मॅडमचं शिष्टमंडळ

आमदाराच्या कचेरीतला चहा मानकर मॅडम कधी प्यायल्या नाहीत. नको म्हणायच्या नाहीत हं. कप समोर आला की तो जवळ ओढायच्या, बशी सरळ करायच्या आणि तसाच ठेवून द्यायच्या. बोलणं चालू राहायचं, चहावर साय धरायची. समोरचा माणूस, मग तो नगरसेवक असो नाहीतर मंत्री, मधूनमधून त्या सायीकडे बघायचा. शेवटी न राहवून म्हणायचा, "घ्या ना मॅडम, थंड होतोय." मग मॅडम म्हणायच्या, "होऊ दे. आमच्या बायकाही टेबलावर थंड होतात, रक्ताची बाटली येईपर्यंत. त्यांना कुठे कोण घ्या म्हणतं?"

असं बोलायच्या, सरळ तोंडावर. आम्ही बाकीच्या डॉक्टरणी माना खाली घालून बिस्किटं खायचो.

डॉक्टर कुमुद मानकर. स्त्रीरोगतज्ज्ञ. गिरगावातलं जुनं पाठारे प्रभू घराणं, लग्न केलेलं नाही, तळमजल्यावर दवाखाना आणि वरच्या मजल्यावर एकटीचं बिऱ्हाड. बाई बुटकी, पाठ ताठ, कडक इस्त्रीची सुती साडी आणि लिंबाएवढा पांढरा अंबाडा. मासे स्वतः बाजारात जाऊन घ्यायच्या आणि कोळणीशी भांडण झालं नाही तर त्यांना मासे ताजे वाटायचे नाहीत. बाळंतपणं किती केली ते त्या कधी मोजत नसत. मूल बाहेर आलं, वार पडली, बाई बरी आहे असं दिसलं की हातमोजे काढत एकच शब्द म्हणायच्या, "पुढची!"

माझी-त्यांची ओळख झाली ती आमच्या भागातल्या पालिकेच्या प्रसूतिगृहात. मी तिथे भूल द्यायला जायचे. पहिल्याच दिवशी मास्कच्या वरून माझ्याकडे बघत विचारलं, "आडनाव?"

"गायकवाड."

"राहायला?"

"डिलाईल रोड."

"चाळीत?"

आता पुढचा प्रश्न काय येणार ते मला माहीत होतं. आमच्या चाळीच्या तोंडाशी बुद्धविहार आहे, आणि हे असे प्रश्न आम्ही शाळेपासून ऐकत आलोय. म्हटलं, विचार बाई, तुलाही उत्तर देते. पण मॅडम म्हणाल्या, "मग आवाज मोठा असेल. माझा बारीक आहे. आमदाराकडे येशील का?" मला राग यावा की हसू यावं, कळेना. मी गेले. नंतर वर्षानुवर्षं जात राहिले.

आमच्या गटाला नाव नव्हतं. दादर, परळ, माटुंग्याच्या आम्ही काही डॉक्टरणी, सगळ्या बायकाच. "नाव दिलं की अध्यक्ष लागतो, आणि अध्यक्ष आला की भांडणं आली," असं मॅडमचं मत. त्यामुळे लोक आपले मानकर मॅडमचं शिष्टमंडळ म्हणायचे. मागणी एकच. प्रसूतिगृहात रक्ताचा फ्रिज पाहिजे आणि तो सांभाळायला माणूस पाहिजे. बाळंतपणात एखादी बाई वाहायला लागली की वेळ नसतो हो. पण रक्त ठेवायची सोय नाही, म्हणून नातेवाइकाच्या हातात चिठ्ठी द्यायची. त्याने मोठ्या हॉस्पिटलच्या रक्तपेढीत धावायचं, तिथे उभं राहायचं, बाटली थर्माकोलच्या डब्यात घालून परत यायचं. तोवर आम्ही आत काय करत असतो ते लिहीत नाही. वाचणाऱ्याचं जेवण व्हायचं असेल. फ्रिज ठेवायला सरकारची मंजुरी लागते, माणूस नेमायला पालिकेची, आणि दोघांना हलवायला आमदार लागतो. म्हणून ही सगळी पायपीट.

शिष्टमंडळ निघायच्या आधी मॅडम सगळ्यांना गिरगावात जेवायला बोलवायच्या. स्वतःच्या हातचं कोळंबीचं भानोलं, बेसनात कालवून भाजलेलं. वरून खरपूस, आतून मऊ, आहाहा. वाढताना उपदेश चालू. "उपाशी बाई हात जोडते. पोट भरलेली बाई हात टेबलावर ठेवते. खा." सोफ्यावर बसायचं नाही, कारण सोफ्यात माणूस मागे रेलतो. लाकडी खुर्ची मागून घ्यायची. गळ्यातलं सोनं काढून ठेवायचं. 'कृपया' म्हणायचं नाही. आणि रडायचं तर मुळीच नाही.

हा शेवटचा नियम माटुंग्याच्या एका पोरीने मोडला. नवीनच डॉक्टर झालेली, गुणी मुलगी. एका महिला आमदारासमोर, आपल्या हातात गेलेल्या बाळंतिणीबद्दल सांगता सांगता तिला हुंदका आला. आमदारबाईंनी उठून तिला जवळ घेतलं, पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. बाहेर आल्यावर आम्हाला वाटलं, आता तरी मॅडम दोन शब्द गोड बोलतील.

"रडलीस का?" मॅडमनी विचारलं.

"मॅडम, ती माझ्या डोळ्यांदेखत गेली हो."

"आणि तिच्या वाटची दया तू खाऊन आलीस. बाईला तुझी कीव आली. मेलेलीची यायला हवी होती. चोरलीस तू ती."

पोरगी जिन्यातच उभी राहिली. पुन्हा कधी आमच्याबरोबर आली नाही. मॅडमनीही तिचं नाव काढलं नाही. टॅक्सीत बसून मला म्हणाल्या, "बरं झालं. जागा झाली." असं काही ऐकलं की मला वाटायचं, या बाईच्या छातीत काय आहे काय तरी! पण मग दुसऱ्या दिवशी तीच बाई एखाद्या अडलेल्या पोरीच्या पायाशी तासन्‌तास बसलेली दिसायची, पाठ मोडेपर्यंत, पाण्याचा घोट न घेता. त्यामुळे माझं भांडण तोंडातच राहायचं.

आमच्या भागाचे आमदार तर मॅडमच्याच हातचे. म्हणजे जन्माला त्यांच्या हातून आलेले. पहिल्यांदा शिष्टमंडळ लालबागच्या कचेरीत गेलं तेव्हा साहेब खुर्चीतून उठले आणि सगळ्या कार्यकर्त्यांसमोर मॅडमच्या पाया पडले. "मॅडम, आई सांगते, मी तुमच्याच हातचा." दुसरी कोणी असती तर डोक्यावर हात ठेवून कामाचं बोलली असती. फ्रिज त्याच दिवशी झाला असता, माझ्याकडून लिहून घ्या.

मॅडम म्हणाल्या, "आठवतंय. पायाळू होतास. पाय आधी आले आणि डोकं आत अडकलं. अजून सुटलेलं दिसत नाही."

कार्यकर्ते हसले. साहेबही हसले, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग संपलंच. त्या दिवसापासून साहेब कधी अधिवेशनात, कधी दौऱ्यावर, कधी मंडपात. फोन केला की 'कळवतो'. आम्ही मॅडमना हरप्रकारे सांगितलं, एक फोन करा, चुकून बोलले म्हणा. "चुकून कुठे? डोकं अडकलंच होतं," मॅडम म्हणाल्या. घ्या! अशा बाईपुढे काय कपाळ फोडायचं?

त्याच सुमाराला प्रसूतिगृहात वैशाली आली.

लालबागच्या चाळीतल्या मालवणी घरातली सून, माहेर वरळीचं. नवरा बोटीवर नोकरीला, तेव्हा समुद्रात कुठेतरी. पहिलटकरीण. भर दुपारी मुलगी झाली, गोरीपान, रडायलाही जोरदार. आणि मग रक्त थांबेना. सोबत दोनच माणसं, तिची आई आणि धाकटा दीर महेश. चिठ्ठी घेऊन महेश मोटारसायकलवरून सुटला. मी डोक्याशी बसले होते. मॅडमनी हाताने दाबून धरलं, औषधं दिली, टाके घालून पाहिले, जे जे करायचं ते सगळं केलं. सारख्या दाराकडे बघत होत्या. मी त्यांना तसं बघताना कधी पाहिलं नव्हतं. शेवटी माझ्याकडे वळल्या, मी मान डोलावली, त्यांनी वैशालीच्या आईला आत बोलावून सही घेतली आणि पोरीची गर्भपिशवी काढली. जीव वाचला.

महेश आला तेव्हा टाके पडत होते. बाटली लगेच चढवली, तिचीही गरज होतीच. पूल बंद होता, गल्लीगल्लीतून वळून आला होता बिचारा. घामाने निथळत पायरीवर बसला आणि हमसाहमशी रडला. "वाचली ना वहिनी?"

"वाचली," मॅडम म्हणाल्या. ते काही खोटं नव्हतं.

शुद्धीवर आल्यावर वैशालीला कळलं. ती रडली नाही. मॅडमचा हात धरून म्हणाली, "घरी सांगू नका. हे बोटीवरून आले की मीच सांगेन." आईनेही हात जोडले. मॅडम म्हणाल्या, "पेशंटचं पोट पेशंटचं. मी सांगणारी कोण?"

नवरा आला, राहिला, परत बोटीवर गेला. तिला काही सांगवलं नाही. मुलगी रांगायला लागली, सासू म्हणायला लागली, आता पाठीवर एक झील होऊ दे, नातू पाहिजे. वैशाली हं म्हणायची. आणि इकडे महेश गावभर सांगत फिरायचा, मी आणलेल्या बाटलीने वहिनी वाचली. हा महेश आमदारसाहेबांच्या कचेरीत कामाला! आमची अडचण त्याच्या कानावर गेली तसा स्वतः धावत दवाखान्यात आला. "मॅडम, साहेबांची वेळ मी घेतो. वहिनीलाही आणा. नुसतं बोलून साहेबांना कळत नाही, जिवंत माणूस दाखवायला पाहिजे."

वेळ मिळाली. त्या दुपारी गिरगावात आमच्या पंगतीला वैशालीही होती. तिला घास उतरेना. बोटांनी भानोलं चिवडत बसली होती. मग हळूच म्हणाली, "मॅडम, तेवढं एक नको हं. बाकी सगळं सांगा. किती रक्त गेलं ते सांगा, मी मेलेच होते म्हणून सांगा. पण तेवढं नको. महेशभाऊजी असतील तिथे."

मॅडमनी तिच्या पानात आणखी एक तुकडा वाढला. "नाही सांगणार. खा."

आम्ही सगळ्यांनी ऐकलं ते. वैशालीने खाल्लं मग.

आम्हा डॉक्टर मंडळींना कॉलेजपासून एक खोड लागलेली असते. पेशंटच्या खाटेशी उभं राहून, पेशंटबद्दल, ती तिथे नसल्यासारखं बोलायचं. केस मांडणं म्हणतात त्याला. वय अमुक, पहिलटकरीण, अमुक इतका रक्तस्राव. पेशंट आपली छताकडे बघत पडलेली असते. साहेबांच्या कचेरीत मॅडमनी वैशालीची केस तशीच मांडली, आणि काय मांडली! दुसऱ्या खुर्चीवर वैशाली हात मांडीवर ठेवून बसली होती, मी मोठ्या आवाजात मधले तपशील पुरवत होते. वचन दिलेली ती एक गोष्ट मॅडमनी अलगद ओलांडली. "आणि रुग्ण वाचली," असं म्हणून थांबल्या. चहावर साय आली होती.

साहेबांनी मोबाइल बाजूला ठेवला. मागे रेलले.

"मॅडम, सगळं पटलं. आता मी विचारतो. रक्त आलं की नाही? आलं. आणलं कोणी? आमच्या महेशने. आणि बाई कुठाय? ही काय, समोर बसलीय, धडधाकट. म्हणजे तुमचं काम अडलं कुठे? फ्रिज कशाला पाहिजे? माझी पोरं आहेत ना धावायला!"

कार्यकर्त्यांनी माना डोलावल्या. एकाने तर टाळीच दिली दुसऱ्याला. दारात महेश चहाचा दुसरा ट्रे घेऊन उभा होता, छाती पुढे काढून. साहेब घड्याळ बघून उठायच्या बेतात. मला दिसत होतं, आता हे गेलं. इतक्या वर्षांचं सगळं गेलं, आणि तेही एका पोराच्या कौतुकावर.

मॅडमनी वैशालीकडे पाहिलं. नुसतं ओझरतं नाही, चांगलं नजर लावून पाहिलं. वैशालीने मान हलवली. अगदी एवढीशी. नको, म्हणून.

"हिस्टरेक्टॉमी करावी लागली," मॅडम म्हणाल्या.

"म्हणजे काय?" साहेबांनी विचारलं.

"म्हणजे तुझा पोरगा बाटली घेऊन पोचला तेव्हा मी हिची पिशवी काढून मोकळी झाले होते. हिला आता मूल होणार नाही. कधीच नाही. धडधाकट दिसते ना? आत काही शिल्लक नाही."

महेशने ट्रे एका रिकाम्या खुर्चीवर ठेवला, अगदी जपून, कप हलू न देता. "वहिनी, खरां?" त्याने विचारलं. मग तो मॅडमना म्हणाला, "म्हणजे मी उशिरा आलो?"

"हो," मॅडम म्हणाल्या. "तुझा दोष नाही, पूल बंद होता. फ्रिज असता तर तुला धावायलाच लागलं नसतं."

पण त्या पोराने 'हो' एवढंच ऐकलं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. साहेब खुर्चीत पुन्हा बसले होते. खाकरले. म्हणाले, "मी या अधिवेशनात प्रश्न लावतो." मॅडम उठल्या. आम्ही उठलो. वैशाली तशीच बसून होती.

फुटपाथवर मी मॅडमना धरलं. माझा आवाज मोठा, त्यासाठीच तर नेलं होतं मला. आख्ख्या लालबागला ऐकू जाईल असं भांडले. "तुम्ही शब्द दिला होता तिला! जेवताना, ताटावर!"

"दिला होता," मॅडम म्हणाल्या.

"मग?"

"तिची एक पिशवी गेली. ती काही परत येत नाही. ज्यांची अजून आहे त्यांचं काय ते बोल."

"आणि तिच्या घरचं काय?"

"ते मला कापता येत नाही आणि शिवता येत नाही." हात वर करून टॅक्सी थांबवली. "बसतेस का?"

मी बसले नाही. मला संताप आला होता, आणि त्याहून वाईट म्हणजे त्या म्हणत होत्या ते मला कळत होतं.

साहेबांनी विधानसभेत प्रश्न लावला आणि भाषणही ठोकलं. 'माझ्या मतदारसंघातल्या एका भगिनीची कूस कायमची उजाड झाली.' नाव घेतलं नाही, पण नाव घ्यायची गरजच काय? नाक्यावर फ्लेक्स लागला, साहेबांचा हात जोडलेला फोटो आणि मागे पदर घेतलेल्या बाईची काळी आकृती. चाळीतली पोरंटोरं वैशालीकडे बोट दाखवायची. सासू गॅलरीत उभी राहून ओरडली, "माझ्या झिलाक फसवलंस गो! आधी सांगूक काय झाला हुता?" महेश मध्ये पडला नाही. त्याचं तोंडच बंद झालं होतं, कचेरीतली नोकरीही त्याने सोडली. नवऱ्याने बोटीवरून फोन केला, एकदाच. वैशाली मुलीला घेऊन वरळीला आईकडे गेली ती गेलीच.

आणि फ्रिज आला. माणसासकट आला. वर साहेबांच्या नावाची पितळी पाटी. मॅडमचं नाव कुठे नाही, वैशालीचं तर कशाला असेल? पहिली बाई वाहायला लागली तेव्हा मीच भूल देत होते. बाटली शेजारच्या खोलीतून आली, कोणाला पळावं लागलं नाही, आणि पोरगी आपल्या पिशवीसकट घरी गेली. तिच्या घरच्यांना कळलंही नाही की काय टळलं. मॅडमनी हातमोजे काढले. "पुढची!"

काही महिन्यांनी मॅडमनी मला निरोप्या केलं. "वैशालीला विचार, दवाखान्यात काम करशील का. दया नाही म्हणावं. माझी कामाची मावशी सोडून गेलीय." मला वाटलं, थुंकेल ती माझ्यावर. ती म्हणाली, "कधीपासून येऊ?"

आली. वर्षांवर वर्षं गेली. बीपी घ्यायला शिकली, बायकांना टेबलावर चढवायला शिकली, वरच्या मजल्यावरचं घरही तीच बघायला लागली. मुलगी शाळेतून थेट दवाखान्यात यायची. मॅडम तिची गणितं तपासायच्या, चुकलं की वही भिरकावायच्या आणि मग तिलाच भानोलं खायला घालायच्या. माफी मॅडमनी कधी मागितली नाही, वैशालीने मागायला लावली नाही. फक्त दुपारी ती चहा करायची, मॅडमसमोर कप ठेवायची आणि तिथेच उभी राहायची. "मॅडम, थंड होतोय." संपेपर्यंत हलायची नाही. दुसऱ्यांच्या चहाला साय धरू देणारी ही बाई तिच्यासमोर मुकाट्याने कप रिकामा करायची.

एकदा मी वैशालीला सरळ विचारलं, "तू इथे राहतेस कशी गं?"

ती कापूस फाडत होती. म्हणाली, "सकाळी दार मी उघडते ना. मॅडमना रोज पहिलं तोंड माझंच बघावं लागतं." आणि पुन्हा कापूस फाडायला लागली.

मग मॅडमना झटका आला. दवाखान्यातच, एका बाईला तपासताना. वैशालीनेच उचलून परळला मोठ्या हॉस्पिटलात नेलं. उजवी बाजू गेली, वाचा गेली. तोंड एका बाजूला ओघळलं. पण डोळे तेच, कावळ्यासारखे. सगळं कळत होतं त्यांना.

आमदारसाहेब भेटायला आले. आता त्यांचं वजन वाढलं होतं, सगळ्याच अर्थांनी. बरोबर फुलांचा गुच्छ, कार्यकर्ते आणि फोटो काढणारा. खाटेवर वाकून मोठ्याने म्हणाले, "ओळखलं का मॅडम? तुमचा पायाळू! डोकं कसं आहे आता?" कार्यकर्ते हसले. फोटो निघाला, मॅडमच्या त्या तोंडासकट, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या मोबाइलवर फिरला. मी गुच्छ उचलला आणि साहेबांच्या पाठीवर नेम धरणार होते. वैशालीने तो माझ्या हातातून घेऊन बादलीत ठेवला.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते दोन-तीन दिवसांनी. वैशाली चहाची वाटी घेऊन खाटेशी बसली होती, चमच्याने थोडं थोडं द्यायची परवानगी होती. मी पायथ्याशी. तेवढ्यात वॉर्डातली तरुण डॉक्टर आली, हातात रिपोर्ट. समजूतदार मुलगी होती. आधी मॅडमकडे बघून हसली, मग वैशालीला हळूच म्हणाली, "तुम्ही घरच्या ना? जरा बाहेर येता? बोलायचं होतं."

"बाहेर कशाला?" वैशाली म्हणाली. "इथेच बोला."

"नाही, म्हणजे त्यांना सगळं समजतंय, म्हणून म्हणते."

"मग बरंच आहे. त्यांच्यासमोरच बोला."

डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलणार, तोवर वैशालीने नुसता हात वर केला, आणि माझा तो मोठा आवाज कुठे गेला कोण जाणे. डॉक्टर घाईघाईने इंग्रजीत म्हणाली, अफेजिया आहे, रिकव्हरीची आशा कमी.

मॅडमना ते समजलं. त्यांनी वैशालीकडे पाहिलं आणि मान हलवली. अगदी एवढीशी. नको, म्हणून.

वैशालीने ती मान पाहिली. चांगली नजर लावून पाहिली.

"म्हणजे काय?" तिने डॉक्टरला विचारलं.

"म्हणजे… त्यांना आता बोलता येणार नाही."

"कधीच?"

"बहुतेक कधीच नाही."

"बरं," वैशाली म्हणाली. पदराने मॅडमच्या ओठांच्या कडेची लाळ पुसली, उशी सरळ केली, चमचा भरला.

"मॅडम, चहा. थंड होतोय."

मॅडमनी तोंड उघडलं.